ग्रॅनोलाची वडी आणि तिचा पाक

दुपारीं चार वाजतां शाळेची शेवटची घंटा होते आणि वसतिगृहांतील जेवण रात्रीं आठ वाजतां मिळतें. या मधल्या चार तासांत खेळाच्या मैदानावर जी भूक लागते तिचें वर्णन करण्याचें प्रयोजन नाहीं. वाचकांपैकीं बहुतेकांस ती ठाऊक आहे. बाजारांत या भुकेवर एक उपाय रंगीत वेष्टनांत मिळतो. ओट, दाणे, बिया व सुका मेवा मधांत किंवा पाकांत एकत्र बांधून केलेली ही लांबट वडी. तिला ग्रॅनोला बार म्हणतात. वेष्टनावर तिच्या आरोग्यदायक गुणांची प्रशस्ति मोठ्या अक्षरांत असते आणि साखरेचा आंकडा अगदीं बारीक अक्षरांत. किंमतहि आमच्यासारख्यांच्या खिशास पेलण्याजोगी नसते. तेव्हां ही वडी घरीं करतां येते किंवा नाहीं याचा आम्हीं शोध केला. करतां येते, परंतु पहिल्या दोन खेपांस ती आम्हांस साधली नाहीं, आणि कां साधली नाहीं हें सांगणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. इ. स. १८६३ मध्यें, म्हणजे ज्या सालीं आपल्याकडे बोरघाटांतील रेल्वेचा मार्ग खुला झाला त्याच सालीं, अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत डॅन्सव्हिल येथें आरोग्यधाम चालविणाऱ्या डॉ. जेम्स केलब जॅक्सन यांनीं एक नवा पदार्थ सिद्ध केला. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा गोळा भाजावयाचा, त्याचे बारीक तुकडे करावयाचे व ते पुन्हां भाजावयाचे, अशी त्याची कृति होती. त्यास त्यांनीं ग्रॅन्युला असें नांव दिलें. तो इतका कठीण असे कीं, रात्रभर दुधांत भिजत घातल्यावांचून तो दांतांस दाद देत नसे. पुढें मिशिगन राज्यांत बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनीं गहूं, ओट व मका यांपासून तसाच पदार्थ केला आणि त्यालाहि तेंच नांव दिलें. जॅक्सन यांच्याकडून हरकत येतांच एका स्वराचा फेरफार होऊन ग्रॅन्युलाचें ग्रॅनोला झालें. १९६० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील तरुण मंडळींनीं हें जुनें नांव पुन्हां उचललें. मात्र आतां त्याखालीं चपटे ओट, मध, दाणे व मनुका यांचें कुरकुरीत मिश्रण ओळखलें जाऊं लागलें. हें मिश्रण दाबून त्याच्या वड्या विकण्याची चाल १९७० नंतरची. म्हणजे वडी ही या घराण्यांतील सर्वांत धाकटी होय.

आपल्याकडे ही कल्पना मुळींच नवी नाहीं. तिळाची वडी, राजगिऱ्याची वडी व लोणावळ्याची चिक्की हीं सर्व याच जातीचीं. चपटा ओटसुद्धां आपल्या पोह्यांचा दूरचा आप्त आहे. पोह्यांसाठीं भात भिजवून, भाजून चेपतात, ओट वाफवून रुळांखालीं चेपतात. भेद इतकाच कीं, चिक्कींत गूळ व दाणे जवळ जवळ समभाग असतात आणि ती कडकन् मोडते. ग्रॅनोलाच्या वडींत पाक पुष्कळ कमी असतो, आणि ती चावतांना दांताखालीं किंचित् लवावी अशी अपेक्षा असते. ही किंचित् लवण्याची गोष्टच फार नाजूक आहे.

आतां आमच्या फजितीकडे वळूं. शाळेच्या आनंदमेळाव्यांत ग्रंथालयाच्या साहाय्यार्थ एक दुकान मांडावें व त्यांत या वड्या विकाव्या, असें आम्हां चौघांचें ठरलें. गुरुजींना चाळीस वड्यांचें वचन देऊन बसलों. साखर अधिक खाऊं नये हें आम्हीं पुस्तकांत वाचलेलें होतें. म्हणून मिळालेल्या कृतींतील गोड पदार्थ आम्हीं मोठ्या शहाणपणानें निम्मे केले. मिश्रण ताटांत थापलें, थंड होऊं दिलें, सुरी लावली आणि सारें ताट वाळूच्या किल्ल्यासारखें ढासळलें. एकहि वडी निघाली नाहीं. तो चुरा पुढें आठ दिवस आम्हीं दुधांत घालून खाल्ला व तो चांगलाच लागला. किंबहुना नकळत आम्हीं मूळचा ग्रॅनोलाच केला होता. दुसऱ्या खेपेस गोडाचें प्रमाण पूर्ववत् ठेवलें, परंतु तो ढासळण्याचा प्रकार पुन्हां होऊं नये म्हणून पाक चांगला घट्ट होईपर्यंत आटवला. या वेळीं वड्या अशा झाल्या कीं, त्या फोडण्यास बत्ता आणावा लागला.

या दोन अपयशांचा विचार करतां आमच्या ध्यानांत जें आलें तें असें. या पदार्थांत गूळ किंवा मध केवळ गोडीसाठीं नसतो. भिंतींत विटांना जसा चुना, तसा दाण्यांना पाक. चुना निम्मा केला तर भिंत स्वस्त पडत नाहीं, ती पडते. म्हणून ज्यास गोड कमी करावयाचें आहे त्यानें आधीं बांधणीची दुसरी सोय करावी लागते, आणि ती सोय काय हें आम्ही पुढें सांगणार आहों. दुसरी गोष्ट, चुना किती घट्ट बसेल हें त्यांत शेवटीं किती पाणी उरलें यावर अवलंबून असतें. वडी मऊ कां, कडक कां, चिकट कां, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर बहुतांशीं एकाच शब्दांत देतां येतें. तो शब्द पाणी.

साधें पाणी समुद्रकांठीं १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. त्यांत साखर विरघळली म्हणजे उकळण्याचें अंशमान वाढतें, आणि जसजसें पाणी वाफ होऊन जातें तसतसें तें आणखी वाढत जातें. शुद्ध साखरेचा पाक ११२ ते ११६ अंशांवर आला असतां त्यांत शंभर भागांत सुमारें पंधरा भाग पाणी राहिलेलें असतें. १२० अंशांच्या आसपास तें सुमारें तेरा भागांवर येतें, आणि १५० अंशांजवळ जेमतेम एक भाग उरतें. पहिल्या अवस्थेंतील पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकला तर त्याची मऊ गोळी होते व ती बोटांत दाबतांच चपटी होते. दुसऱ्या अवस्थेंत गोळी आकार धरून राहते. शेवटच्या अवस्थेंत थेंबाचा कांचेसारखा तुकडा होऊन तो कट्कन् तुटतो. हा चिक्कीचा पाक. आमच्या दुसऱ्या खेपेच्या वड्या याच अवस्थेस पोंचल्या होत्या. मधल्या अवस्थेचा पाक, म्हणजे आपल्या घरांतून ज्यास गोळीबंद म्हणतात तो, ग्रॅनोलाच्या वडीस योग्य.

हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून मिळण्यापूर्वीं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत मिळालें. आम्ही प्रयोगशाळेंतून आणलेला तापमापक पाकांत बुडवून घड्याळाकडे पाहत उभे असतां तेथील मावशी म्हणाल्या, “पोरांनो, घड्याळाकडं काय बघतां? वाटींत गार पाणी घ्या आणि थेंब टाका. थेंब सांगंल तें खरं.” त्या वेळीं आम्हांस हा तापमापकाचा अपमान वाटला. नंतर गुरुजींनीं समजावून दिलें कीं, मावशींची रीत तापमापकापेक्षां एका अर्थीं अधिक भरंवशाची आहे. उंच जागीं हवेचा दाब कमी असल्यामुळें सर्व द्रव लवकर उकळतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३७० मीटर उंच आहे. तेथें साधें पाणी ९५ ते ९६ अंशांसच उकळतें. साहजिकच मुंबईस ११८ अंशांवर जो पाक सिद्ध होतो, तोच तेथें चार-साडेचार अंश आधीं सिद्ध होतो. मुंबईचा आंकडा डोळ्यांपुढें ठेवून महाबळेश्वरीं पाक करणाऱ्याची वडी दगड होणार. उलट गार पाण्यांतील गोळी ही पाकांत पाणी किती उरलें तेंच दाखविते, मग गांव डोंगरावर असो कीं बंदरावर.

साखरेऐवजीं गूळ कां, हेंहि येथेंच सांगतों. साखरेचा पाक थंड होतांना त्यांतील साखर पुन्हां स्फटिकरूप घेऊं पाहते व वडी खरबरीत होते. गुळांत साखरेखेरीज ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करा थोड्याबहुत प्रमाणांत असतात. त्या स्फटिक बनण्याच्या कामांत व्यत्यय आणतात. मधांत तर बहुतेक सर्व गोडी याच दोन शर्करांची. त्यामुळें मध घातलेली वडी पुष्कळ दिवस लवचिक राहते. मात्र या शर्करांना, विशेषतः फ्रुक्टोजला, हवेंतील ओल ओढून घेण्याची खोड आहे. कित्येक घरीं मध तापविणें वर्ज्य मानतात. तेथें मधाच्या जागीं काकवी घ्यावी. आमच्या मतें तिची चव गुळाशीं अधिक जुळते. दुकानांत चिक्कीचा गूळ म्हणून जो निराळा गूळ मिळतो तो मात्र या कामीं घेऊं नये. तो कडकपणासाठींच असतो.

प्रमाण पुढीलप्रमाणें घ्यावें. चपटे ओट २०० ग्रॅम, भाजून सोललेले व अर्धे केलेले शेंगदाणे ६० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, जवस १५ ग्रॅम, मनुका किंवा बारीक चिरलेला खजूर ५० ग्रॅम. बांधणीस गूळ १२० ग्रॅम, काकवी किंवा मध ६० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम, पाव चमचा मीठ व आवडीप्रमाणें सुंठ किंवा वेलची. मीठ वगळूं नये. तें नसतां वडी नुसती गोड लागते, चवदार लागत नाहीं. ओट न मिळाल्यास जाड पोहे कोरडे भाजून घ्यावे. राजगिऱ्याच्या लाह्याहि चालतात, परंतु त्या हलक्या असल्यानें मापानें न घेतां वजनानेंच घ्याव्या. नाहींतर चुना कमी पडतो.

ओट जाड बुडाच्या कढईंत मंद आंचेवर आठ-दहा मिनिटें परतावे. रंगापेक्षां वासाकडे लक्ष द्यावें. खमंग वास सुटतांच काढावे. बिया व तीळ निराळे भाजावे, कारण ओट तयार होईपर्यंत तीळ करपतात. सर्व जिन्नस एका मोठ्या पातेल्यांत एकत्र करून उबदार जागीं ठेवावे. हें उबदार ठेवणें फार महत्त्वाचें आहे. गार दाण्यांवर गरम पाक पडला कीं तो जेथल्या तेथें थिजतो, आणि निम्मे दाणे कोरडेच राहतात. गूळ चिरून दोन चमचे पाण्यांत वितळवावा व गाळून घ्यावा, कारण त्यांत बारीक खडा किंवा उसाचें चिपाड निघण्याचा संभव असतो. मग त्यांत काकवी, तूप व मीठ घालून मध्यम आंचेवर उकळावें. फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा होता तो लहान व दाट झाला म्हणजे गोळीची परीक्षा सुरू करावी, आणि दर अर्ध्या मिनिटानें ती पुन्हां करावी. शेवटचा पल्ला पाक फार जलद कापतो. परीक्षा करतांना भांडें चुलीवरून उतरून ठेवावें, नाहींतर आपण गोळी दाबीत बसतों तेवढ्यांत पाक पुढें निघून जातो. गोळी आकार धरूं लागली कीं पाक मिश्रणावर ओतून लांब दांड्याच्या पळीनें भराभर कालवावें.

येथें एक इशारा. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षांहि वीसएक अंश अधिक तापलेला असतो, शिवाय तो कातडीला चिकटून बसतो. बोटानें चाखून पाहण्याचा मोह आमच्यापैकीं एकास आवरला नाहीं, व त्याला दोन आठवडे लेखणी धरतां आली नाहीं. भाजलेंच तर तो भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. तूप, हळद वगैरे कांहींहि लावूं नये.

सुमारें २० सेंटिमीटर चौरस ताटास तुपाचा हात लावून त्यांत मिश्रण ओतावें व सपाट बुडाच्या वाटीला तूप लावून तिनें दाबावें. नवशिका येथें हात आंखडता घेतो. अंगाचा सगळा भार घालून, कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत, मिश्रण हलेनासें होईपर्यंत दाबलें पाहिजे. दोन दाण्यांमध्यें हवा राहिली कीं तेथेंच वडी मोडते. वीस-पंचवीस मिनिटांनीं, ताट हातास कोमट लागत असतां, लांब सुरी सरळ खालीं दाबून कापावें. करवतीसारखी पुढेंमागें ओढूं नये. पुरती थंड होईपर्यंत वाट पाहिली तर कडांचा भुगा होतो. या प्रमाणांत अडीच सेंटिमीटर रुंद व दहा सेंटिमीटर लांब अशा सोळा वड्या होतात.

आतां गोडीचा हिशेब. अशा एका वडींत पाकांतून सुमारें नऊ-दहा ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणें, अन्नांत वरून घातलेली साखर व मधासारख्या पदार्थांतील साखर मिळून एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारास ही मर्यादा पन्नास ग्रॅमची होते. म्हणजे दोन वड्यांत दिवसाच्या पन्नासांपैकीं वीस ग्रॅम संपले. गुळाची असल्यानें त्या हिशेबाबाहेर राहतील अशी कोणीं समजूत करून घेऊं नये. तरीहि तेवढ्याच वजनाच्या चिक्कीपेक्षां वडींत गूळ कमी आणि धान्य अधिक असतें, आणि खेळून आलेल्या मुलास एक वडी व पेलाभर दूध पुरतें, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांस पाकच नको त्यांच्यासाठीं बांधणीची दुसरी सोय आहे. २०० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर वाटून त्यांत भाजलेल्या शेंगदाण्यांचें, तेल सुटेपर्यंत वाटलेलें, चार चमचे लोणी मिसळावें आणि त्यांत वरील भाजलेलें धान्य सामावेल तेवढेंच मळून घालावें. खजुराचा चिकटपणा व दाण्यांचें तेल मिळून चुन्याचें काम करतात. गोडी येथेंहि खजुराची असतेच, परंतु तिच्यासंगें तंतुमय भाग पोटांत जातो. ही वडी मऊ होते. तींत ओल अधिक असल्यानें ती थंड पेटींत ठेवून आठवड्याच्या आंत संपवावी. पिकलें केळें कुसकरून बांधण्याचाहि प्रयोग आम्हीं केला. तो दुसऱ्या दिवशींच आंबूस लागूं लागला, म्हणून त्याची शिफारस करीत नाहीं.

शेंगदाणे भाजण्यापूर्वीं निवडण्याचें काम कंटाळवाणें खरें, पण तें टाळूं नये. १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध करतां त्यांच्या खाद्यांतील शेंगदाण्याच्या पेंडींत एका बुरशीनें तयार केलेलें विष सांपडलें. त्या विषास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. तें यकृतास घातक असून घरगुती भाजण्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. सबब सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशीची छटा असलेला किंवा खवट दाणा हातीं येतांच बाजूला काढावा. तो भाजून चालून जाईल असें म्हणूं नये.

तयार वड्या पुरत्या थंड झाल्यावर एकेक कागदांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. हिवाळ्यांत त्या तीन आठवडे उत्तम राहतात. पावसाळ्यांत त्या हवेंतील ओल ओढून चिकट होतात. तेव्हां एका वेळीं आठच कराव्या, आणि नरम पडल्याच तर गरम तव्यावर ताटली ठेवून तींत पांच मिनिटें शेकून पुन्हां गार होऊं द्याव्या.

तिसऱ्या खेपेस आमच्या चाळीस वड्या चांगल्या साधल्या, आणि मेळाव्याच्या दिवशीं दुकानावर बरीच गर्दी झाली. त्यांत आठ वड्या नुसत्या तिळाच्या व बियांच्या होत्या. खालच्या वर्गांतील एका मुलानें त्यांकडे बोट दाखवून विचारलें, “दादा, ह्यांत शेंगदाणे आहेत का? मला चालत नाहींत.” आम्ही तत्काळ नाहीं म्हणून वडी त्याच्या हातीं देणार, इतक्यांत आमच्यापैकीं एकास आठवलें कीं, त्या वड्यांचें सामान ज्या कढईंत भाजलें होतें तींतच त्यापूर्वीं शेंगदाणे भाजले होते, व मधें ती नुसती फडक्यानें पुसली होती. ज्यास शेंगदाणा सोसत नाहीं त्यास त्याचा अगदीं थोडा अंशहि अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत बाधतो, हें आम्हांस ठाऊक होतें. ऐन वेळीं मात्र तें सुचलें नव्हतें. वडी परत घेतली. तो मुलगा कांहीं न बोलतां निघून गेला. त्याच दुपारीं आम्हीं प्रत्येक डब्यावर आंत काय काय आहे व कोणत्या भांड्यांत केलें आहे याची चिठ्ठी चिकटवली. पुढच्या रविवारीं मावशींकडून जिच्यांत कधीं शेंगदाणा पडला नव्हता अशी कढई, नवी पळी आणि निराळें ताट मागून घेतलें, भोपळ्याच्या बिया व ओट यांची बंद पाकिटें आणून त्यांवरील मजकूर नीट वाचला, आणि त्याच्यासाठीं एक घाणा केला. त्यानें ती चिठ्ठी दोनदां वाचली, डबा घरीं नेऊन आईस दाखविला, आणि सोमवारीं रिकामा डबा आम्हांस परत आणून दिला.